नवमीच्या पाटावरची तलवार

आमच्या घरात दोन कारखाने चालतात. पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये आबा, म्हणजे माझे वडील, ऊसतोडीचे कोयते घडवतात आणि मागच्या खोलीत मी तलवारी बनवतो. आबांच्या कोयत्याला धार नसली तर तो परत येतो. माझ्या तलवारीला धार असली तर ती परत येते. आमच्या गावात, तलवाड्यात, हे दुसरं वाक्य कुणाला समजावून सांगायची वेळ आली की माझं डोकं फिरतं.

तरी सांगतो. पुण्यात मी सहा वर्षं एका दुकानात कामाला होतो. नाटकांना, शाळांच्या गॅदरिंगला लागणारे कपडे, मुकुट, ढाली भाड्यानं द्यायचं ते दुकान. तिथं एक मंडळ यायचं. पंचवीस-तीस जण, चांगल्या नोकऱ्या करणारे. वर्षातून तीन-चार वेळा ते शहराबाहेरचं एखादं फार्महाउस घेतात आणि दोन दिवस तिथं राजे, सेनापती, चेटकिणी, राक्षस होऊन राहतात. नाटकासारखं पाठ केलेलं काही नाही आणि बघायला प्रेक्षकही नाहीत. ज्याचं सोंग घेतलं त्याच्यासारखं बोलायचं, भांडायचं, तह करायचे आणि लढाई झाली की तलवारीनं लढायचं. लढाई लुटुपुटूची, पण वार खरा अंगावर बसतो. म्हणून तलवार दिसायला पोलादी आणि लागायला उशीसारखी हवी. ती कशी करायची हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. दुकान बंद पडलं, मी गावी आलो, पण ऑर्डरी येत राहिल्या.

काम सोपं नाही. चपलेच्या सोलचं जे शीट मिळतं तसलाच, पण जरा मऊ फोम असतो. तो पात्याच्या आकारात कटरनं कापायचा, दोन थरांच्या मध्ये फायबरची दांडी घालायची, आणि दांडीचं टोक पात्याच्या टोकापासून चार बोटं अलीकडेच थांबवायचं. नाहीतर भोसकल्यावर ते डोळ्यात जाईल. मग सोल्यूशननं चिकटवायचं, गरम हवेच्या गननं कडा बसवायच्या, वर रबराच्या दुधाचे हात द्यायचे, शेवटी चंदेरी रंग. झाली की मी तिचे दहा वार स्वतःच्या मांडीवर आणि दोन मानेवर मारून बघतो. माय दारातून बघायची आणि म्हणायची, "येडं झालंय गं बाई. सवताच सवताला मारून घेतंय."

मायचं मला काही वाटायचं नाही. आबांचं वाटायचं. दसरा जवळ आला की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघायच्या तयारीला लागतात, आणि आमच्या शेडपुढे कोयत्यांसाठी मुकादमांची रांग लागते. चहा होतो, तंबाखू होते, आणि कुणीतरी विचारतंच, "पोरगं काय करतंय आता?" आबा ऐरणीवरून मान वर न काढता म्हणायचे, "हाय की मागं. खेळणी करतंय."

खेळणी! मागच्या खोलीत मला ते स्वच्छ ऐकू यायचं. हातातला कटर फेकून द्यावा असं वाटायचं. तीन वर्षं मी दिवसाचे दहा तास त्या खोलीत वाकून बसत होतो, घरात पैसे देत होतो, आणि आबांच्या लेखी मी अजून खेळतच होतो. मला त्यांच्याकडून शाबासकी नको होती. "पोरगं कामाला बसलंय" एवढं एक वाक्य त्यांनी मुकादमासमोर बोलावं, इतकंच मला हवं होतं. ते येत नव्हतं म्हणून मी आणखी ऑर्डरी घ्यायचो, आणि जास्त घेतल्या की सगळ्याच उशिरा व्हायच्या. बसल्या जागी माझी मांडी हलत राहायची, फोन वाजला की दचकायचो. त्या काळात मी एक घास नीट चावून खाल्ला असेल तर शपथ.

आबा माझ्या खोलीत फारसे येत नसत. त्या वर्षी मात्र एकदा आले. मंडळाच्या राजासाठी मी मोठी, दोन्ही हातांनी धरायची तलवार करत होतो. त्यांनी ती उचलली, अंगठ्यानं पातं दाबलं, ते वाकलं.

"ह्यानं कांदा तरी कापल का?"

"न कापणं हेच तिचं काम हाय, आबा."

ते हसले नाहीत. दोन-तीनदा हवेत फिरवली, मुठीत खालीवर केली. "मूठ लई हलकी हाय. तोल पुढं जातोय. धरणाराचं मनगट दुखंल," म्हणाले आणि तलवार ठेवून गेले.

मला तिडीक आली. खेळणं म्हणायचं आणि वर चुकाही काढायच्या! पण संध्याकाळी त्यांच्याच भंगाराच्या डब्यातून मी चार लोखंडी नट आणले, मुठीच्या बुडाशी फोममध्ये गुंडाळून बसवले आणि तलवार फिरवली. मनगट मोकळं झाल्यासारखं हलकं झालं. हे मी आबांना सांगितलं नाही. जीभ झडली असती की काय, कोण जाणे.

खेळ दसऱ्याच्या सुट्टीत होता. सामान नवमीच्या दुपारी गेवराईच्या बायपासवरून ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत घालायचं, पुण्यात मंडळ चालवणारी बाई उतरवून घेणार, आणि दसऱ्याला सकाळी लढाई. त्या बाईचे आदल्या दिवसापासून मेसेज. निघालं का? फोटो पाठवा. राजाची तलवार झाली ना? बाकीच्या अकरा तलवारी, ढाली, शिरस्त्राणं बांधून तयार होती. राजाच्या तलवारीचा शेवटचा हात सुकत होता आणि छातीच्या चिलखताचे पट्टे कापायचे राहिले होते. सकाळी बघतो तर एवढी लांब तलवार मावेल असं खोकंच घरात नाही. मोटरसायकल काढली आणि खोक्यासाठी गेवराईला पळालो. घरातून निघताना आबा ऐरण धूत होते. मी ते बघितलं, पण डोक्यात खोकं होतं.

खंडे नवमीला आमच्याकडे भट्टी पेटत नाही. घण, सांडशी, कानस, हातोडे, सगळं धुऊन पाटावर मांडतात, हळदीकुंकू वाहतात, झेंडूचे हार घालतात. आणि एकदा कुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्या हत्याराला हात लावायचा नाही. टोळ्या निघायच्या ऐन गर्दीतला तो दिवस असतो, पण आबांनी हा नेम मोडल्याचं मी कधी बघितलं नाही. लहानपणापासून हे मला पाठ होतं. पण माझ्या खोलीतल्या सामानाला ते लागू होईल हे मनात आलं नाही, कारण तीन वर्षांत ते कधी झालंच नव्हतं.

खोकं घेऊन परत आलो तर माय शेडच्या दारात उभी. चेहरा नुसता फुललेला. "बघ," म्हणाली, "कुठं ठिवलीया त्यांनी."

पाटावर ऐरणीच्या उजव्या अंगाला, घणाच्याही आधी, राजाची तलवार आडवी ठेवलेली होती. मुठीला झेंडूचा हार. पात्यावर ओल्या कुंकवाची पाच बोटं, पाचांखाली हळदीची पाच. शेजारी माझा कटर आणि गरम हवेची गन, त्यांनाही कुंकू. आबा नवं धोतर नेसून पाटासमोर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पाटाकडे बघितलं. आबांना ज्या दिवशी काही सांगायचं असतं त्या दिवशी ते बोलत नाहीत, हे मला माहीत होतं.

आणि मला काय दिसलं? चंदेरी रंगावर चढलेली हळद. हळदीचा डाग रबरावरून निघत नाही. घड्याळात एक वाजत आला होता, गाडी तीनची, पट्टे कापायचे राहिलेले, कटर पाटावर. खिशात फोन थरथरत होता.

"आबा, हे काय केलंत तुमी!"

"नवमी हाय," ते म्हणाले.

"नवमी हाय, पण ही काहून ठिवली? दोन तासांत गाडी हाय माझी! ही खरी हाय का? रबराची हाय, आबा! खोटी हाय! खोट्या तलवारीची कसली पूजा करताव!"

हे मी ओरडलो. शेजारच्या घरापर्यंत गेलं असणार. आणि ओरडता ओरडता पाटावरचा कटर उचलला.

माय "अरं अरं" म्हणाली. आबांनी तिला हातानंच थांबवलं. मग उठले, देवघरातून गोड्या तेलाची वाटी आणली. तलवारीचा हार काढून पाटावर ठेवला. तेलाचं बोट घेऊन, खांद्यावरच्या उपरण्याच्या टोकानं, एकेक बोट कुंकू पुसायला लागले. कोयत्याला धार लावताना जसे हळू हात चालतात तसेच. कुंकू निघालं. हळद पिवळट राहिली, तीही बरीच फिकी केली त्यांनी. मुठीच्या खाचेत ओघळलेलं कुंकू तेवढं राहिलं. मग तलवार दोन्ही हातांवर घेऊन माझ्यापुढे धरली.

"घे. खोटीच तर हाय."

मी घेतली. मला गाडी गाठायची होती. पट्टे कापले, खोकं भरलं, सुतळीनं मोटरसायकलला आवळलं. सुतळीचं दुसरं टोक आबांनी धरलं होतं.

बायपासवर ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरनं खोक्यातून डोकावणारी मूठ बघितली. "तलवार न्हाई न्यायचा मी बे. कुणी बघितली तर माझी गाडी अडकंल." मी तलवार ओढून काढली, त्याच्यासमोर पातं वाकवून दाखवलं. "खोटी हाय, मालक. रबराची हाय." त्यानंही ती वाकवून बघितली, मोठ्यानं हसला, क्लीनरला हाक मारली, "ये, बघ, खोटी हाय!" दोघांनी एकमेकांना दोन-दोन वार घातले आणि मग खोकं डिक्कीत गेलं.

गाडी निघून गेली. आठवडाभरात पहिल्यांदा मला घाईचं काही उरलं नव्हतं, आणि तिथं उभं राहवत नव्हतं. चहा सांगितला आणि न पिताच पैसे देऊन निघालो. तीन वर्षं मी आबांवर जळत होतो, पण माझ्या कामाला खोटं असं त्यांनी स्वतःहून कधी म्हटलंच नव्हतं. ते खेळणं म्हणायचे. खोटं मी म्हणालो, तेही पूजा मांडलेल्या पाटासमोर, आणि मग पुन्हा एका परक्या ड्रायव्हरसमोर. मला स्वतःची शरम वाटली, आणि ती शरमही सहन होईना म्हणून मोटरसायकल उगाच जोरात पळवली.

घरी आलो तेव्हा शेडपुढे एक मुकादम उभा होता. दोन टोळ्या दुसऱ्या दिवशी माजलगावकडे निघायच्या होत्या, कोयत्यांना धार हवी होती. "उद्या उजाडता ये," आबा सांगत होते. मुकादम जास्तीचे पैसे देतो म्हणाला. आबा म्हणाले, "आज हत्यारं पाटावर बसल्याती." तो गेला.

पाटावर ऐरण, घण, सांडशी, कानस, गन होती. ऐरणीच्या उजव्या अंगाची जागा रिकामी होती. तिथं फक्त झेंडूचा हार पडलेला. माझ्या खिशात कटर होता. तो परत ठेवावा असं वाटलं, पण कोणत्या तोंडानं ठेवणार? मी मागच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं.

दसऱ्याला संध्याकाळी पुण्याहून फोटो आले. राजाच्या हातात तलवार. बाईनं लिहिलं होतं, तोल एकदम मस्त आहे, आणि मुठीच्या खाचेतला तो लालसर रंग मुद्दाम दिलाय का? अगदी जुन्या लढाईतली वाटते. मी "हो" एवढंच लिहिलं. या वेळी मात्र फोन घेऊन आबांकडे गेलो. "त्यात चार नट घातलेत. तुमी म्हणालतात म्हणून," मी म्हणालो. त्यांनी फोटो बराच वेळ बघितला, फोन परत दिला आणि भट्टीचा पंखा सुरू केला. बाकीच्या टोळ्यांचे कोयते वाट बघत होते.

वर्षभर त्यांनी माझं सामान हाताळलं नाही. मुकादमांनी विचारलं तर "हाय मागं" एवढंच म्हणायचे. खेळणी हा शब्दही गेला, आणि तो गेल्याचं मला जास्त लागलं.

पुढच्या नवमीला मी महिनाभर आधीच सगळ्यांना कळवून टाकलं होतं की त्या दिवशी माझ्याकडून काही निघणार नाही. दोन ऑर्डरी त्यामुळे गेल्या. सकाळी आंघोळ करून मी कटर पुसला, गन पुसली, अर्धवट झालेली एक तलवार घेतली आणि आबांच्या पाटापाशी जाऊन उभा राहिलो. ऐरणीच्या उजव्या अंगाला जागा होती. तिथं सगळं मांडलं.

आबांनी ऐरणीला कुंकू लावलं. घणाला लावलं. सांडशीला, कानसेला लावलं. मग माझ्या सामानाशी आले आणि कुंकवाचं बोट तसंच वर धरून थांबले.

"आज गाडी न्हाई का तुजी?"

"न्हाई, आबा."

त्यांनी कटरला बोट लावलं.