खिडकीतल्या ऑफिसनं माझा लॅपटॉप खाल्ला

मंडळी, आजच घडलंय, म्हणून लगेच लिहितेय.

माझा सात वर्षांचा लॅपटॉप सुरू होईपर्यंत चहा करून पिऊनही होतो. नवा घ्यावा की यातच रॅम वाढवावी, हे महिनाभर ठरत नव्हतं. त्यात एका घराचा नकाशा उद्या सकाळी द्यायचाय आणि आज तो उघडेचना! तशीच रेवदंड्याहून अलिबागला दुरुस्तीवाल्याकडे गेले.

त्यांनी मागचं झाकण काढलं आणि लॅपटॉप माझ्यासमोर धरला. स्क्रू गंजलेले, बोर्डावर हिरवट थर.

"ताई, समुद्रासमोर बसून काम करता काय?"

"हो, खिडकीत."

"खाऱ्या वाऱ्यानं खाल्लाय. यात आता काय टाकू नका, फुकट जाईल. बॅकअप हाय ना?"

नव्हता.

त्यांनी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली. दिसलीच नाही. पुन्हा जोडली. नाही. तिसऱ्यांदा दिसली, कॉपी सुरू झाली आणि अर्ध्यावर अडकली. दहा मिनिटं तिथंच. मग हलली. नकाशा मिळाला.

नवा लॅपटॉप घेऊनच घरी आले आणि सवयीनं तो त्याच खिडकीत ठेवला. तिथले 'आजचं ऑफिस' म्हणून टाकलेले माझे फोटो तुम्ही किती लाइक केलेत!

आता टेबल आतल्या खोलीत ओढलंय, तोंड भिंतीकडे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनो, खरं सांगा, तुम्ही खिडकी बंद ठेवता का?

माझी अजून उघडीच आहे.