फ्लेक्सवरची विहीर

अमरावतीला विज्ञान मेळावा भरवणाऱ्या बाईंनी आमच्या गावाला फसवलं, आणि त्यांना गावात आणलं मी. नव्या फ्लेक्सचा वास आला की अजून माझी मान खाली जाते. वरूडजवळच्या आमच्या गावात येऊन बाई म्हणाल्या होत्या, विहिरींचं पाणी तुम्हीच मोजा, हे विज्ञान तुमचंच आहे. मी संत्र्याचे बगिचे विकत घेणारा व्यापारी, अट घातल्याशिवाय बोलत नाही. आकडे आधी गावाला सांगायचे, एवढंच मागितलं, आणि त्यांनी होकार दिला. शेजारच्या वहिनी आपल्या विहिरीत कोणाला दोर सोडू देत नसत. आकडे आधी गावातच कळतील, असा शब्द देऊन त्यांना मीच राजी केलं, मग उन्हाळाभर गाठी मारलेला दोर सोडून त्या स्वतः मोजत राहिल्या. आकडे गावात कुणाला कळलेच नाहीत, थेट मेळाव्याचं बोलावणं आलं, आणि आम्ही इस्त्रीचे कपडे घालून टेम्पोनं गेलो. मंडपात तापलेल्या फ्लेक्सचा वास कोंडला होता. समोरच्या फ्लेक्सवर वहिनींचा हसरा फोटो, आणि खाली लाल अक्षरांत ‘सर्वाधिक उपसा करणारी विहीर’. शाळेची पोरं ते वाचून वहिनींकडे वळून पाहत होती. “भाऊजी, तुमी म्हणलं म्हणून खरं खरं मोजलं. मले काहून चोर केलं?” वहिनींनी हळूच विचारलं. बाई म्हणाल्या, “अहो, लोकांना समजवायला उदाहरण लागतं.” बगिच्याच्या भावावरून तासभर भांडणारा मी, अटीचं नावही न काढता टेम्पोकडे वळलो. वहिनी आता माझ्या दारावरून जाताना पदर ओढून घेतात. बाईंनी एकदा यावं, वहिनींच्या ओसरीवर बसावं आणि जबाब द्यावा. शब्द माझा होता, मीही शेजारी बसेन.