हातात गोळा असताना रामराम

अंकुशरावांचा उजवा खांदा पुन्हा कानाला टेकायला आला होता. मागच्याच आठवड्यात मी तो खाली उतरवून त्यांना घरी पाठवलं होतं.

"मॅडम, मान वळंना," टेबलावर बसत ते म्हणाले. "गाडी मागं घ्यायची तर अख्खा मानूस फिरवावा लागतो."

मी फिजिओथेरपिस्ट. क्लिनिक औरंगपुऱ्यात, पहिल्या मजल्यावर. खाली दिवसभर हॉर्न, वर शहरभरातल्या दुखऱ्या माना. अंकुशराव लासूर स्टेशनचे. तिथं कापूस-मक्याची आडत, जवळच्या गावात भरपूर जमीन. मोटरसायकल घसरून त्यांचा खांदा निखळला होता. सर्जननं तो बसवला आणि बजावलं, पुन्हा निखळला तर ऑपरेशन. अंकुशराव आयुष्यात एकाच गोष्टीला घाबरतात, ती म्हणजे भूल. "सुद नसताना मानूस काय बडबडंल, आन् कुनी ऐकलं मंजी?" आडतीच्या धंद्यातल्या माणसाची ही भीती मला रास्त वाटली.

खांद्याला ताकद यावी म्हणून मी त्यांना केटलबेल दिली. म्हणजे वर कडी असलेला लोखंडी गोळा. तो बघून ते खूश झाले, कारण तो त्यांना आडतीतल्या जुन्या मापासारखा वाटला. व्यायाम साधा होता. गोळा खांद्यापाशी धरायचा, सावकाश डोक्यावर न्यायचा, तसाच खाली आणायचा. मात्र खांदा कानाकडे चढू द्यायचा नाही आणि वजन वर असताना मान वळवायची नाही. मानेपासून खांद्यापर्यंत ट्रॅपेझियस नावाचा मोठा स्नायू असतो. हमालाच्या पाठीवर पोतं जिथं टेकतं, ती जागा. दुखावलेल्या खांद्याला सांभाळायला हा न बोलावता धावून येतो आणि मग जायचं नाव घेत नाही. त्याला परत पाठवणं हे माझं काम.

माझ्यासमोर अंकुशराव सगळं बिनचूक करायचे. गावी जाऊन आले की खांदा पुन्हा कानाशी. मी वजन कमी केलं. उशी बदलायला लावली. शेक दिला, टेप लावली. तरी तेच. शेवटी सर्जनचा फोन आला. "तुम्ही नेमकं काय करताय त्यांचं? असंच चाललं तर मलाच बघावं लागेल." हे मला फार लागलं. पुढच्या रविवारी मी गाडी काढली आणि अंकुशराव व्यायाम करायचे त्या लासूरच्या जिममध्ये जाऊन बसले.

जिम त्यांच्या पुतण्याची, आडतीच्या गाळ्यांच्या वर. दाराशी चपलांचा ढीग. आत मशीनपेक्षा माणसं जास्त, आणि त्यातल्या बहुतेकांच्या अंगात कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट. घाम एकालाही आलेला नव्हता. चौकशी केली तेव्हा कळलं की गावच्या शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सोसायटीची निवडणूक आली आहे आणि अंकुशरावांना चेअरमन व्हायचं आहे. गेले कित्येक दिवस मी त्यांच्या उशीची चौकशी करत होते, निवडणुकीची करायला हवी होती.

अंकुशरावांनी गोळा वर नेला. खांदा खाली, मान सरळ, मी मनातल्या मनात शाबासकी दिली. तेवढ्यात दारातून आवाज आला, "रामराम, अंकुशराव."

गोळा तसाच वर ठेवून त्यांनी मान दाराकडे फिरवली, हनुवटी उचलली आणि मोकळा हात छातीशी नेला. "रामराम, रामराम. पानी कसंय तिकडं?" खांदा कानाला जाऊन चिकटला. पाहुणा विहिरीची हकीकत सांगू लागला. त्याचं संपतंय तोवर दुसरा दारात. गोळा अजून वरच.

मी त्यांना बाजूला घेतलं.

"अंकुशराव, गोळा खाली ठेवून रामराम घ्या ना."

"लोकं म्हनतील, खांदा गेला. खांदा गेलेल्याला कोन चेअरमन करतंय?"

"मग उत्तर सेट झाल्यावर द्या."

"रामराम वाया गेला, की मानूस सरळ तिकडच्या प्यानलात जाऊन बसतो. लई नाजूक काम असतंय, मॅडम."

"पहाटे या मग. कुणीच नसतं."

"कुनी नसल्यावर उचलायचं कशाला?"

मी चिडून म्हणाले, "ऑपरेशनला पूर्ण भूल देतात, लक्षात आहे ना?"

ते हळूच म्हणाले, "शर्ट घालायला बायकोला हाक मारावी लागती. हे नाय सांगितलं कुनाला." मला वाईट वाटलं, आणि चिडल्याची लाजही वाटली.

तोडगा त्यांनीच काढला. चुलतभाऊ संपत जिमच्या दारात खुर्ची टाकून बसेल. येणाऱ्याचा रामराम तो घेईल, पाणी देईल, विहिरीचं ऐकून घेईल आणि सांगेल, "दादांचा सेट चालू हाय." चहा घेऊन वर आलेल्या अंकुशरावांच्या पत्नी मला म्हणाल्या, "भावकीला दारात बसवायलेत, बगा बरं." पण तोवर खुर्ची आली होती. खांद्याच्या दृष्टीनं बेत उत्तम असल्यानं मीही मान डोलावली. अंकुशरावांनी भिंतीकडे तोंड केलं आणि व्यायाम नीट सुरू झाला.

खांदा उतरू लागला. वजन वाढवलं तरी चढेना. गाडी मागं घेताना मान दोन्हीकडे फिरू लागली. सर्जननं तपासून ऑपरेशनचं नाव काढून टाकलं.

निवडणुकीत अंकुशरावांचं पॅनेल आलं. चेअरमन ठरवायला बैठक बसली आणि सगळ्यांनी संपतरावांचं नाव घेतलं. त्यांचं म्हणणं, अंकुशराव मोठा माणूस, पण हल्ली गेलं की पाठच दिसते. संपतराव कसे उठून रामराम घेतात, घरच्यांची नावं विचारतात.

पेढे घेऊन अंकुशराव क्लिनिकमध्ये आले. हात सरळ वर नेऊन दाखवला. खांदा जागच्या जागी, मान मोकळी. माझ्या कामात इतका चांगला खांदा मी क्वचित पाहिला असेल.

"झकास झालाय, मॅडम," ते म्हणाले. "पन आता दाखवायचा कुनाला?"

तेव्हापासून नव्या पेशंटला मी दुखणं विचारायच्या आधी विचारते, कुठं उभे आहात का.

परवा संपतराव आले. उजवा खांदा कानाला टेकलेला. चेअरमन झाल्यापासून तेही त्याच जिममध्ये जातात आणि गोळा वर धरून रामराम घेतात. त्यांना आणून सोडायला अंकुशराव आले होते. ते बाहेर बाकावर बसून माझ्या इतर पेशंटांना गाव विचारत होते.

"काळजी नाय, मॅडम," संपतराव म्हणाले. "दादा म्हनलेत, मी बसतो की दारात."

मी त्यांना हलकी केटलबेल दिली आणि खांदा खाली ठेवायला शिकवलं. दारात कुणी बसावं हा प्रश्न फिजिओथेरपीत येत नाही.