डोंगर खणणारा ट्रक आणि ओवीचा दात

माझ्या लेकीचा, ओवीचा खालचा दात हलायला लागला आणि माझी झोप उडाली. झोपेत गिळला तर? श्वासनळीत अडकला तर? शिवाय पहिला दात पडताना मी जवळ असेन, असं तिला कबूल करून बसले होते. आणि नेमकं त्याच आठवड्यात आम्ही गेम जॅमला नाव दिलं. अठ्ठेचाळीस तासांत अख्खा गेम करून द्यायचा! गोव्यात, मुळगावातल्या एका घरात तीन माणसं दोन दिवस कोंडून घातली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत, पायात घुटमळतात.

टीम म्हणजे कोड लिहिणारा माझा दीर संकेत, चित्रं काढणारी पेडण्याची मैत्रीण दीक्षिता आणि लेव्हल रचणारी मी. म्हणजे दोघांच्या चांगल्या कामात खड्डे पाडणारी.

*

गेम साधाच. एक ट्रक, एक डोंगर, वर वाट बघणारी एक मुलगी. डोंगर खणून ट्रक भरायचा आणि मुलीपर्यंत पोचायचं. मेख एवढीच, की जो डोंगर खणायचा, त्याच्यावरूनच चढायचं! जास्त खणलं की वाटच संपली.

माझे सासरे सुर्ल्याच्या खाणीवर वर्षानुवर्षं ट्रक चालवायचे. पहिली चाचणी त्यांच्यावर केली.

"डोंगर सगळो काडलो, तर फुडें वचप कशें?" त्यांनी विचारलं.

"तेच तर कोडं आहे, बाबा!" मी खुशीत म्हटलं.

"आमी खरो डोंगर काडलो," ते म्हणाले, "तेन्ना कोणे कोडें म्हणूंक ना."

*

दीक्षितानं हौसेनं वाटेत एक देऊळ काढलं होतं. सासऱ्यांनी ट्रक तिथं थांबवला, तो हलवेचनात.

"बाबा, पुढं न्या ना!"

"हॉर्न खंय?"

"हॉर्न नाही त्यात."

"देवाक हॉर्न मारल्याबगर गाडी फुडें व्हरची न्हय!"

वेळेची एवढी मारामार, तरी संकेतनं हॉर्नचं बटण घातलं. आमच्या गेममधलं ते एकमेव बटण, जे एकदाही बिघडलं नाही!

*

वरच्या मुलीला आवाज हवा होता. ओवीला माइकसमोर उभं केलं. वाक्य एकच: "आई, ये गो!"

चार वेळा झालं, दीक्षिताला पटेना. "अगं, पाठ केल्यासारखं नको. घरात खरी हाक मारतेस ना, तशी मार."

"खरी मारली की आई 'दोन मिनिटं' म्हणते," ओवी म्हणाली. "तेपण मीच म्हणू?"

सगळे पोट धरून हसले. मीसुद्धा हसले.

*

रविवारी दुपारी शेवटची लेव्हल सुटत नव्हती. मीच रचलेली, आणि मलाच सुटेना! त्यात "आई, ये गो!" चालूच. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"संकेत, तो आवाज बंद कर रे! डोकं उठलंय!"

"वैनी," संकेत हळूच म्हणाला, "माझा लॅपटॉप मघाच बंद पडलाय. चार्जिंगला लावलाय."

मी धावले. अंगणात ओवी आजोबांच्या कडेवर होती. दात पडून, चूळ भरून, कौलांवर टाकूनसुद्धा झाला होता.

"बरो मारलो हां तिणें," सासरे कौतुकानं सांगत होते. "एका फटक्यात कौलार!"

मला दात दिसलाच नाही. दिसली ती फक्त फट.

संध्याकाळी गेम वेळेत दिला. म्हणजे माझी लेव्हल काढून टाकून.

*

लोकांना गेम आवडला. एकानं लिहिलं, "मुलीची हाक फार खरी वाटते." संकेतनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मी तोवर उठून भांडी घासायला गेले होते. आमच्या घरी तेव्हा भांडी स्वच्छच होती!

*

पुढचा आठवडाभर मी कमेंटना उत्तरं देत होते आणि बग सुधारत होते. काम उरकलं की ओवीशी नीट बोलायचं ठरवलं होतं. शनिवारी सकाळी उरकलं. वेणी घालताना तिला जवळ ओढलं.

"बाय, त्या दिवशी आईचं चुकलं गं. आता शेजारचा दात हलायला लागला, की आधी मला सांगशील?"

ओवीनं मान वळवली आणि तोंड उघडून दाखवलं.

"तो काल पडला."