पिक्चरमध्ये पहिला मेलेला माणूस

रंगाच्या कारखान्याच्या मोठ्या गेटवर जे गार्ड होते, त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचं ही त्यांची सवय. ती अंगात इतकी मुरली होती की कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी निघताना घरवाल्यांचंच कुलूप ओढून बघायचे. रागीट म्हणून मात्र त्यांना कुणी ओळखत नव्हतं. गेटवरच्या माणसाला राग परवडत नाही. ट्रकवाले शिव्या घालतात, साहेबलोक हॉर्नवरचा हात काढत नाहीत, आणि उशिरा आलेला कामगार आपला उशीर गार्डच्या माथी मारतो. काका सगळं ऐकून घ्यायचे आणि साखळी सोडायचे. त्यामुळे त्या वर्षी ते जे पेटले, ते बघून ओळखीचे लोक चाट पडले. पेटले कशावरून, तर एका पिक्चरवरून.

पिक्चरचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, म्हणून लोकांच्या तोंडी तो 'नदीवाला पिक्चर' झाला. गोष्ट सरळ होती. एक कारखाना नदीत विष सोडतो, गावातली माणसं आजारी पडतात, हिरोची बहीण मरते आणि मग हिरो एकटाच कारखान्यावर चाल करून जातो. हाणामारी करता करता तो पाणी, झाडं आणि पुढच्या पिढ्यांबद्दल बोलतो.

आता काकांच्या कारखान्याचा नाला मागच्या भिंतीखालून जाऊन ओढ्याला मिळायचा. आत आज कुठला रंग चाललाय ते वस्तीतली पोरं नाल्याकडे बघून सांगायची. अशा कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांनी त्या पिक्चरचा एक अख्खा खेळ विकत घेतला आणि सगळ्या कामगारांना बायकापोरांसकट दाखवला. थिएटरच्या दारात मोठा फलक लावला : 'आमची कंपनी निसर्गाच्या बाजूने'. लाज कोळून प्यायली की माणूस असा मोकळा होतो.

काकांना त्या दिवशीही ड्युटी होतीच. थिएटरच्या दारात उभं राहून कामगारांचे पास बघायचे, आणि अंधार झाला की आत जाऊन बसायचं. ते आत गेले तेव्हा काकूंनी शेजारची खुर्ची पिशवी ठेवून धरून ठेवली होती.

काकू घरच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून बसायच्या. पँट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं सांधणं अशी कामं. नवऱ्याचा गणवेश त्या वेगळा धुवायच्या, कारण बाकीच्या कपड्यांत टाकला की पाण्याला रंग यायचा. गेली काही वर्षं त्यांना खोकला होता. तो आला की मशीनवरचा पाय थांबायचा आणि गिऱ्हाईक दुसरीकडे बघायचं. डॉक्टर म्हणाले होते, "हवा बदला." काकू म्हणाल्या, "हवा म्हणजे काय पडदे आहेत, काढले आणि दुसरे लावले?"

पिक्चर रंगला. मध्यंतरानंतर हिरो एक भलामोठा ट्रक घेऊन कारखान्याकडे निघाला. गेट दिसलं. गेटशेजारी गार्डची केबिन, केबिनबाहेर एक पिकल्या मिशांचा गार्ड, हातात चहाचा कप. ट्रक येताना बघून त्याने हात वर केला. थांबा. एवढंच त्याने केलं. ट्रक गेटवर आदळला, गेट उडालं, गार्ड उडाला, आणि कप हवेत गोल गोल फिरताना सावकाश दाखवला. थिएटरात शिट्ट्यांचा पाऊस पडला. पुढचा गार्ड साखळीच्या हुकला लटकला. त्यानंतरचा रंगाच्या हौदात पडला आणि निळा होऊन वर आला, तेव्हा तर लोक हसून हसून लोळले. शेवटी हिरो मालकापर्यंत पोचला. मालक रडला, आपली चूक झाली म्हणाला. हिरोने उगारलेला हात खाली घेतला. "तुला मारून मी तुझ्यासारखा होणार नाही," असं म्हणून त्याने त्याला पोलिसांच्या ताब्यात दिलं.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण खरा घाव त्याआधीच बसला होता. गेट उडालं तेव्हा त्यांनी शेजारी पाहिलं. काकू उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

दोघं घरी आली. दार उघडून आत गेल्यावर काका म्हणाले, "टाळ्या वाजवल्यास?"

"वाजवल्या."

"तो म्हातारा गार्ड मेला तेव्हा?"

"गेट फुटलं तेव्हा."

"अगं, त्या गेटवर मी उभा होतो!"

"तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं ते गेट बघतेय मी. ते फुटावं असं मला रोज वाटतं. कुणीतरी फोडलं, पडद्यावर का होईना. हात आपोआप वर गेले."

"फोडलं ते फोडलं, पण मेला कोण? मालकाला साधा ओरखडा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"संन्यासी कसले? नाल्याचं झाकण रात्री कोण उघडतं ते तुम्हाला ठाऊक नाही? गाळाचे ट्रक कुणाच्या समोरून जातात?"

काकांना हे सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं दुसऱ्याने बोलून दाखवलं की राग दुप्पट होतो. ते न जेवता झोपले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करणार कुणाकडे?

पिक्चर मात्र चालला. म्हणजे काही ठिकाणी धो धो चालला, काही ठिकाणी लोक अर्ध्यातून उठून गेले. एका पेपरने त्याला डोक्यावर घेतलं. दुसऱ्याने लिहिलं, उपदेश आणि गुद्दे आलटून पालटून खाल्ल्याने प्रेक्षक दोन्हीकडून सुजतो. काका केस कापायला गेले, तेव्हा न्हावी कात्री चालवता चालवता म्हणाला, "फायटिंग एक नंबर हो, पण मध्येच तो झाडांवर बोलायला लागतो आणि झोप येते."

"आणि गार्ड मरतात त्याचं काय?"

"कुठले गार्ड?" न्हाव्याने विचारलं.

काका अर्धे केस कापलेले तसेच उठले. न्हाव्याने हातापाया पडून त्यांना परत बसवलं.

लेक बालवाडीत शिकवायची. ती सुटीला आली तेव्हा तिच्याजवळही त्यांनी तोच विषय काढला. ती म्हणाली, "बाबा, मारामाऱ्या मलाही नाही आवडल्या. पण माझ्या वर्गातली पोरं आता कागद खाली टाकत नाहीत, खिशात ठेवतात. हे त्या पिक्चरनेच केलं. मी वर्षभर घसा फोडत होते."

"मग चांगलं झालं की."

"हो." ती म्हणाली. "आणि मधल्या सुटीत ती गार्ड-गार्ड खेळतात. ज्याच्यावर राज्य तो गार्ड. त्याने हात वर करायचा आणि पडायचं."

काका उठून बाहेर गेले आणि उगाचच फाटकाचं कुलूप ओढत बसले.

मग मोबाईलवाले सुरू झाले. कारखान्याचं गेट पिक्चरमधल्यासारखं दिसतं हे कुणाच्यातरी डोक्यात आलं, आणि टोळकी येऊन गेटसमोर व्हिडिओ काढायला लागली. कुणी मोटारसायकल गेटपर्यंत भरधाव आणून ब्रेक मारायचं, कुणी हिरोची वाक्यं म्हणायचं. काका त्यांना गोडीने हाकलायचे. एका दुपारी एक दांडगा पोरगा जवळ आला आणि म्हणाला, "काका, हात वर करा ना. मी नुसतं हलकं ढकलतो, तुम्ही पडा. लाखो लोक बघतील."

"चल, निघ इथून."

"अहो पडा ना! तुमचं कामच आहे ते." असं म्हणून त्याने खरंच ढकललं. काकांचा तोल गेला, केबिनची कड कमरेत बसली. सावरून उभे राहिले आणि त्यांनी त्या पोराच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की आतल्या वजनकाट्यावरचा माणूस बाहेर आला.

संध्याकाळच्या आत मॅनेजरसाहेबांचं बोलावणं आलं. साहेबांच्या खोलीत नदीवाल्या पिक्चरचं पोस्टर लावलं होतं.

"काका, काय केलंत हे? तरुण मुलं आहेत, निसर्गाच्या प्रेमाने येतात."

"त्यांनी मला ढकललं, साहेब."

"आपल्या कंपनीची प्रतिमा आहे काही. पुढच्या महिन्यात पिक्चरचा हिरो येतोय आपल्याकडे झाड लावायला. आणि तुम्ही गेटवर हात उचलता? त्या मुलाची माफी मागा, नाहीतर दुसरी नोकरी बघा."

काकांनी माफी मागितली. त्या पोराने तिचाही व्हिडिओ काढला. ते घरी आले तेव्हा काकूंनी तो शेजारणीच्या मोबाईलवर आधीच पाहिला होता. त्यांनी गणवेश धुताना इतक्या जोरात आपटला की दोन बटणं तुटली.

हिरो यायचा दिवस उजाडला. गेटच्या आत झाडासाठी खड्डा खणला, तर खालची माती जांभळी निघाली. साहेबांनी तातडीने बाहेरून लाल मातीची पोती मागवली आणि खड्ड्याच्या कडा झाकून घेतल्या. कामगारांच्या बायकांना खुर्च्यांवर बसवलं होतं. त्यांत काकूही होत्या, स्वतः शिवलेला नवा ब्लाऊज घालून.

हिरो आला. पडद्यावर वाटतो त्यापेक्षा बुटका आणि बोलायला मऊ. त्याने रोप लावलं, पाणी घातलं, फोटो काढून घेतले आणि दोन शब्द बोलला. "ही कंपनी बदलतेय, याचा मला आनंद वाटतो," असंही बोलला. टाळ्या झाल्या. तेवढ्यात काकू उठल्या. त्यांना माईक लागला नाही.

"अहो, पिक्चरमध्ये तुम्ही हे असंच गेट फोडलंत. मी टाळ्या वाजवल्या. आज तुम्ही त्याच गेटातून हात जोडत आत आलात. मागच्या भिंतीपाशी जाऊन आलात का? जरा चला, मी दाखवते."

हिरो साहेबांकडे बघायला लागला. साहेबांचा चेहरा पडला आणि लगेच ताठ झाला. त्यांनी काकांना खूण केली. "यांना बाहेर घ्या."

आता बघा, कसा प्रसंग. इतकी वर्षं 'बाहेर घ्या' म्हटलं की काकांचे पाय चालायचे, डोकं मागून यायचं. तसंच झालं. ते गेले आणि त्यांनी बायकोचा दंड धरला. काकूंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तशी त्यांनी कधी पाहिली नव्हती. पण त्या चालू लागल्या. गेटापर्यंत आल्या आणि खोकला सुरू झाला. नेहमीसारखा नव्हे. वाकून, गुडघ्यावर हात टेकून, डोळ्यांतून पाणी काढणारा.

काकांनी त्यांना केबिनमध्ये नेलं आणि आपल्या खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. मग बाहेर येऊन गेट बंद केलं, साखळी घातली, कुलूप लावलं.

समारंभ कसाबसा आटोपला होता. हिरोची गाडी गेटाशी आली. हॉर्न वाजला. काका जागचे हलले नाहीत. साहेब धावत आले.

"गेट उघडा!"

"माझी बायको खोकतेय. थांबली की उघडतो."

"वेड लागलंय का तुम्हाला? चावी द्या!"

"चावी मिळायची नाही," काका म्हणाले, आणि मग ते असे ओरडले की मागच्या शेडमधली यंत्रं चालू असूनही सगळ्यांना ऐकू गेलं. "वीस वर्षं तुमच्या हॉर्नवर गेट उघडलं! ढकलला गेलो मी आणि माफीही मीच मागितली! आता खोकला थांबेपर्यंत सगळ्यांनी उभं राहायचं! ऐकायचा तो खोकला! नीट ऐकायचा!"

सगळे उभे राहिले आणि केबिनमधला खोकला ऐकत राहिले.

हिरो गाडीतून उतरला. माणूस वाईट नसावा. पाण्याची बाटली घेऊन केबिनशी आला. "काका, मी काय करू सांगा."

"पिक्चरमध्ये तुम्ही मला का मारलंत ते सांगा."

"तुम्हाला?"

"गेटवरच्या गार्डला. त्याने काय केलं होतं? हात वर केला होता."

"अहो, ते... ते मी लिहिलं नव्हतं," हिरो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"मग लिहिणाऱ्याला सांगा. पुढच्या वेळी ट्रक मालकाच्या बंगल्यावर घाल म्हणावं. तिथेही गेट असतं."

"तिथेही गार्डच असेल हो," केबिनमधून काकू म्हणाल्या. आवाज बसला होता, पण खोकला थांबला होता.

काकांनी गेट उघडलं.

नोकरी अर्थातच गेली. साहेबांनी कारण दिलं, 'पाहुण्यांशी गैरवर्तन'. हिरोने बाहेर कुठे या गोष्टीचा उल्लेख केल्याचं कुणी ऐकलं नाही. वजनकाट्यावरच्या माणसाने मात्र काकांचा डबा, छत्री आणि केबिनमधली उशी घरी आणून दिली आणि जाताना म्हणाला, "आता मला हॉर्न ऐकला की खोकला आठवतो." हे तो साहेबांसमोर बोलला नाही. काकांनी त्याला चहाही विचारला नाही.

आता ते एका दवाखान्याच्या पार्किंगला असतात. लेकीने त्यांना राहायला आपल्या शाळेजवळची जागा बघून दिली. तिथे वारा दुसरीकडून येतो, काकूंचा खोकला कमी झाला आहे, गेलेला नाही. सुटीच्या दिवशी दोघं प्रदूषणाच्या कचेरीत जाऊन बसतात. नाल्याचं झाकण कोण उघडतं, कधी उघडतं, हे काकांनी तिथे स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आपण समोरून गाळाचे ट्रक सोडत होतो हेही सांगितलं. तिथला कारकून पहिल्या दिवशी हसून म्हणाला, "पिक्चर बघून आलात वाटतं? हल्ली फार येतात."

"चांगला होता पिक्चर," काकू म्हणाल्या.

"डोंबलाचा चांगला!" काका म्हणाले, आणि दोघांची तिथेच बाकावर जुंपली. भांडण इतकं वाढलं की आतले अधिकारी काय गडबड आहे म्हणून बाहेर आले. एकदा बाहेर आलेच आहेत म्हटल्यावर काकूंनी त्यांना सोडलं नाही. नाल्याचं पाणी तपासायला माणूस येऊन गेला. अहवाल अजून यायचा आहे.