चतुराबाईंची वीतभर माती

चतुराबाई, हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, एवढं मला कळतं. तुम्ही जाऊन वर्ष होत आलं. पण तुमची पिशवी माझ्या घरात आहे, आणि ती का आहे हे सांगितलंच पाहिजे. गोष्टीत मी येईन तिथे स्वतःला शैलाबाईच म्हणेन, आणि तुम्हाला चतुराबाई. ‘मी मी’ केलं की माणूस स्वतःला सूट देतो.

राजूरजवळच्या चतुराबाईंच्या वाट्याला उताराचं बरड आलं होतं. वर दोन बोटं माती, खाली मुरूम. त्यांनी उताराला आडव्या दगडांच्या ओळी रचल्या. वाहून जाणारी माती तिथे अडू लागली. तूर काढल्यावर उरलेल्या तुराट्या गाव जाळायचं. चतुराबाई त्या तोडून रानातच पसरायच्या. रानाला गोधडी पांघरतेय म्हणून बाया हसायच्या. दर पाडव्याला त्या एकाच जागी पहार खुपसून मातीची खोली हातानं मोजत. तीस वर्षांत दोन बोटांची वीत झाली. मूठभर उचलली तर गांडूळ हमखास निघायचं.

शैलाबाई जालन्याच्या, मृदाशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका; हे रान बघायला अधूनमधून यायच्या. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, असं त्यांनी एकदा ऐकवलं.

“मंग ही माझी कुठून आली?”

“वरच्या अप्पारावच्या रानातून. त्याला सांगू नका.”

चतुराबाई पदर तोंडाला लावून हसल्या होत्या.

चतुराबाईंच्या मुलाचं नाव कल्याण; तो एमआयडीसीत कामाला. आईचे कष्ट वाचावेत, मोसंबी लावावी म्हणून, चतुराबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या असताना त्यानं जेसीबी लावून रान सपाट केलं. काळी माती खालच्या कोपऱ्यात गाडली गेली आणि मुरूम वर आला. त्या परतल्यावर त्यानं कौतुकानं दाखवलं. चतुराबाईंनी पहार खुपसली. दोन बोटांवर खट्कन थांबली. त्यांनी पोराला विचारलं, जेवलास का?

मोसंबीची रोपं वर्षभरातच पिवळी पडली. कल्याण पाण्याला दोष देत राहिला. चतुराबाईंनी एक दिवस खालचा कोपरा कमरेइतका खणला, गाडलेली माती पिशवीत भरली आणि एसटीनं जालना गाठलं.

“हिच्यात अजून जीव हाये का, तेवढं तपासून आणा. असंल तर कल्याणला सांगते, पुन्ना वर काढू. नसंल तर कशाला सांगू त्याला? जन्मभर खात राहील त्याला ते.”

नमुना असा एका खड्ड्यातून घेत नाहीत, म्हणून शैलाबाईंनी त्यांनाच झापलं. सोमवारी प्रयोगशाळेत देते म्हणाल्या. सोमवारी गुडघा दुखत होता. पुढच्या सोमवारी पाहुणे होते. चतुराबाईंचा दोनदा फोन आला; दोन्ही वेळा शैलाबाईंनी अहवालाला वेळ लागतो असं धडधडीत खोटं सांगितलं. तिसरा फोन कल्याणचा आला. आई गेली म्हणाला.

यंदा त्यानं वाळलेली रोपं उपटली. रानाच्या खालच्या कोपऱ्यात काय गाडलेलं आहे, त्याला ठाऊक नाही. पिशवी शैलाबाईंच्या स्वयंपाकघरात, दाराच्या मागे, खिळ्याला तशीच लटकते आहे. तिची गाठ चतुराबाईंनीच मारलेली आहे.