मकडीचे वकील

कुठलीही पेटी, डबा किंवा पोतं उघडण्याआधी काकाजी त्यावर बोटाच्या पेरानं टकटक करत आणि विचारत, "हाय का कोनी घरात?" मग उत्तराची वाट पाहत क्षणभर थांबत आणि हळूच झाकण उचलत. गुळाची पेटी असो, दारातली चप्पल असो, की माझ्याकडं दुरुस्तीला आलेला मोटरचा स्टार्टर असो, त्यांचा हा रिवाज कधी चुकला नाही.

काकाजी म्हणजे कामरगावात माझ्या शेजारचे किराणा दुकानदार. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवणारा. आणि मी मोटरी भरणारा, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून देणारा. माझं अंगपिंड पाहून लोकांना वाटतं, हा गडी आखाड्यातून आला असावा. विजेच्या तारा मी रोज हाताळतो, त्याचं काही वाटत नाही. पण शेतातल्या स्टार्टरच्या पेटीत हमखास मकडी असते, आणि ती दिसली की माझ्या तोंडून जो आवाज निघतो तो तुम्ही ऐकलात, तर मोटर दुसरीकडं न्याल. पुस्तकात तिला कोळी म्हणतात. ते नाव घेऊनही भीती कमी होत नाही, मी करून पाहिलंय.

माझा आवाज ऐकला की काकाजी गिऱ्हाइकाला तागडीपाशी उभं करून येत. एका हातात काचेचा ग्लास, दुसऱ्यात जुनी लग्नपत्रिका. मकडीवर ग्लास पालथा घालायचा, खालून पत्रिका सरकवायची आणि सगळं तसंच उचलून दुकानामागच्या लिंबाच्या झाडावर नेऊन सोडायचं. तेवढ्या वेळात मी रस्त्याच्या पलीकडं पोचलेला असे.

"चावन ना काकाजी!" मी तिकडून ओरडे.

"तुले कायले चावन? तू काय माशी हायेस?" ते म्हणत. "तुह्यासारखा ढोल पाहून तिचंच पानी पानी झालं असन."

त्यांच्या दुकानात मकड्या सुखानं नांदत. कोपऱ्यात लांब पायांची एक होती, ती 'लंबू'. गल्ल्यावर टुणटुण उड्या मारणारी इवलीशी, ती 'पोरगी'. आणि लिंबावर जाळ्याच्या मधोमध बसणारी मोठी, ती 'बाई'. खरी नावं त्यांनाही माहीत नव्हती. एकदा मी डाव टाकला. म्हटलं, "काकाजी, तुमी अहिंसावाले, अन् ही तं तुमच्या डोळ्यांदेखत माशा खाऊन राह्यली." ते उठून तागडी पुसायला लागले. मला दिवसभर जिंकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी शटर उघडताना म्हणाले, "मी रातभर इचार केला. उपास मी करतो. तिले कसा सांगू?"

मग एका सकाळी काकाजींच्या कपाळावर उजव्या बाजूला फोडांची रांग उठली. नुसती आग होत होती. आमच्याकडं असं काही उठलं की निदानाला वेळ लागत नाही. मकडी अंगावरून फिरली, बस्स. सगळ्या गल्लीनं तेच सांगितलं आणि सगळ्यात मोठ्यानं मी सांगितलं. आमचूर कालवून लेप करून आणला तोही मीच. काकूंनी फवाऱ्याचा पंप मागवला. सूनबाई झाडू घेऊन लंबूच्या कोपऱ्याखाली उभी राहिली.

"थांबा," काकाजी म्हणाले. त्यांची पापणी सुजून अर्धी मिटली होती. "आधी डॉक्टर काय म्हन्ते ते पाहू. तिचा गुन्हा असन तं मीच तिले बाहीर काढीन. पन पुराव्याबिगर कोनाले हात लावाचा नाही."

"लेप तरी लावा," मी म्हटलं.

"लेप लावला म्हंजे गुन्हा कबूल केल्यासारखं होते."

म्हणजे पाहा, माणूस कारंजाला निघाला तो स्वतःच्या इलाजासाठी नव्हेच. मी त्यांना मोटरसायकलवर नेलं आणि सगळ्या रस्त्यानं मनातल्या मनात मकडीला जन्मठेप देत राहिलो.

"मकडी फिरली, डॉक्टरसाहेब," आत गेल्या गेल्या मी साक्ष दिली.

"तुम्ही पाहिली?"

"पाहिली असती तर मी इथवर आलोच नसतो."

डॉक्टरांनी फोड पाहिले. ही नागीण, म्हणाले. लहानपणी कांजण्या झाल्या असतील, तेच आता उलटलं. "डोळ्याकडं निघाली आहे. घरी लेप लावत बसला असतात तर डोळा गेला असता." मग त्यांनी लगोलग गोळ्या लिहून दिल्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडं धाडायची तयारी केली. लेपाची वाटी मीच तर कालवली होती.

काकाजींना मात्र एकच विचारायचं होतं. "अन् मकडी?"

"तिचा काय संबंध? घरातल्या, बागेतल्या मकड्या सहसा चावत नाहीत. चावलीच तर मुंगीएवढं दुखतं. सूज पसरली, दम लागला तर दाखवायला या. नाहीतर जागा धुवायची आणि कामाला लागायचं."

काकाजींनी हात जोडले. परत येताना माझ्या पाठीमागून ते रस्त्यातल्या ओळखीच्या प्रत्येकाला सांगत होते, "सुटली! बाइज्जत सुटली!" दुकानात फवारा भरून तयार होता. काकूंनी तो मुकाट्यानं रिकामा केला. डोळा वाचला. पुढं कित्येक दिवस काकाजी तो डोळा बारीक करून माझ्याकडं पाहत आणि विचारत, "काय साक्षीदार, जेवन झालं काय?"

मागच्या हिवाळ्यात काकाजी गेले. झोपेतच गेले, कोणाला त्रास दिला नाही. थकल्यापासून ग्लास आणि पत्रिका त्यांनी माझ्याच दुकानात ठेवली होती. ती तिथंच राहिली. मला त्यांची फार आठवण येते, आणि स्टार्टर उघडताना तर फारच.

परवा त्यांचं दुकान भाड्यानं घेतलेल्या शिवणकामवाल्या ताई आल्या. बंद शटरवर कुलपापासून चौकटीपर्यंत जाळं लागलं होतं. त्यांनी झाडू उचलला.

"थांबा ताई," मी म्हटलं. ग्लास नि पत्रिका घेऊन आलो, शटरवर टकटक केलं आणि विचारलं, "हाय का कोनी घरात?"

उत्तराची वाट पाहायचा रिवाज होता, म्हणून थांबलो. जरा जास्तच थांबलो. ताई माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

तेवढ्यात कुलपामागून एक चांगली मोठी मकडी बाहेर आली. मी किंचाळलो, ताई हसल्या. पण या वेळी रस्ता ओलांडला नाही. डोळे पुसले आणि ग्लास पुढं केला.